पाच ऑगस्ट, दुपारी तीनची प्रत

लवू धुरी हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी आहे. तिथे ते एकोणतीस वर्षं नोकरीला होते आणि त्यांचं काम होतं, वेळ झाली की वस्तू टाकून द्यायच्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जेमतेम दीड वर्ष बसले. त्यातले पहिले दहा महिने मला ते अतिशय कटकटे वाटायचे, हे आधीच सांगून टाकते.

काम नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे अकरा गिऱ्हाइकं होती. तीन लॅब, दोन नर्सिंग होम, चार शाळा, एक पतपेढी आणि एक लग्नांची जेवणं करणारा कॅटरर. त्यांच्या कॉम्प्युटरवर दिवसभरात जे लिहिलं जातं त्याची प्रत आमच्याकडे आपोआप येते. उद्या त्यांच्याकडे काही बिघडलं, कुणी चुकून पुसलं, तर आमच्याकडून परत घेता यावं म्हणून. प्रत घ्यायला माणूस लागत नाही. पण रोजच्या प्रती कायमच्या ठेवल्या तर जागा पुरणार नाही, आणि लोकांच्या आजारपणाची माहिती उगाच बाळगत बसणं करारातही बसत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीला मुदत. रोजची प्रत पस्तीस दिवस, महिनाअखेरची एक वर्ष, वर्षअखेरची आठ वर्षं. मुदत संपली की प्रत काढायची. एकदा काढली की ती ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. हे काढणं लवूकाकांकडे होतं. ऑफिसात त्यांना यमकाका म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

काका मूळचे कणकवलीच्या पुढचे, राहायला बोरिवली पूर्वेला. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातल्या प्रत्येकाने मिळेल ते धरलं, तसं यांनी आधी कुरियरचं आणि मग आमच्या कंपनीचं काम धरलं. त्या काळी प्रती टेपवर असायच्या आणि प्रत्येक टेपवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी लागे. काकांचं अक्षर सुंदर होतं, म्हणून त्यांना घेतलं. पुढे टेप गेल्या, चिठ्ठ्या गेल्या. काका सॉफ्टवेअर शिकले. इंग्रजी बेताचं, पण तारखांचं गणित असं की पस्तीस दिवसांनी कुठला वार येतो ते कॅलेंडर न बघता सांगत.

त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. शुभाकाकूंनी माझ्याकडे नवऱ्याची यथेच्छ तक्रार केली. मिक्सरची वॉरंटी संपली की दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड फाडतात, जुनं रेशनकार्ड ठेवत नाहीत, लग्नपत्रिका लग्न लागलं की रद्दीत. "माझं बरं आहे," काकू म्हणाल्या, "माझ्यावर तारीख छापलेली नाही." काका सोलकढी पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तर मला कटकट वाटायची ती त्यांच्या रोजच्या मेसेजची. सॉफ्टवेअर मुदत संपलेली प्रत आपोआप काढू शकतं. काकांनी ते आपोआपचं बटण बंद करून ठेवलं होतं. रोज सकाळी साडेनऊला ते अकराच्या अकरा गिऱ्हाइकांना एक ओळ पाठवायचे. आज अमुक तारीख निघते आहे, काही हवंय का? उत्तर कधी यायचं नाही. आला तर अंगठा. मग अकरा वाजता काका प्रत काढायचे आणि वहीत तारीख लिहायचे. मी एकदा म्हटलं, "काका, एवढ्या वर्षांत कुणी हवंय म्हणालंय का?"

"सहा वेळा," ते म्हणाले.

"सहा वेळांसाठी रोज अकरा मेसेज?"

"दुसऱ्याची वस्तू टाकायची तर विचारून टाकावी, एवढंच. त्यात काय मोठं?"

मी इंजिनियर आहे. मला ते बटण दिसायचं आणि हात शिवशिवायचे.

दर वर्षी गणपतीला काका दोन आठवडे गावी जात. त्याला कुणाचा इलाज नव्हता. आमच्या ऑफिसात निम्मी माणसं कोकणातली, त्यामुळे त्या दिवसांत मजल्यावर टाचणी पडली तरी ऐकू यावी. ते रजेवर असले की आपोआपचं बटण चालू ठेवायचं, असा कंपनीचा नियम होता. त्या वर्षी चतुर्थी सात सप्टेंबरला होती. काका पाचपासून रजेवर गेले आणि जाताना मला म्हणाले, "मेसेजचं मी आल्यावर बघेन. तू काही काढू नकोस." मला हायसंच वाटलं. मी विचारलं नाही की मग त्या दोन आठवड्यांत ज्यांची मुदत संपते त्या प्रतींचं काय होणार. माझ्या डोक्यात तक्ता पक्का होता. पस्तीस दिवस म्हणजे पस्तीस दिवस. गेल्या असतील आपोआप, झालं.

बारा सप्टेंबरला घाटकोपरच्या एका लॅबकडून मेल आला. पाच ऑगस्टची दुपारी तीनची प्रत हवी होती. ही लॅब दिवसातून दोनदा प्रत घ्यायची, एक दुपारी तीनला आणि एक मध्यरात्रीनंतर. मी बोटांवर मोजलं. पाच ऑगस्टचे पस्तीस दिवस नऊ सप्टेंबरला भरतात. म्हणजे तीन दिवस उशीर. मी उत्तर लिहिलं, करारातल्या मुदतीनुसार सदर प्रत उपलब्ध नाही. एक मिनिटही लागलं नसेल. स्क्रीनवर यादी उघडून बघायला आणखी अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी केलं नाही. आणि त्याच दुपारी मी सर्व्हरवरची जागा अचानक भरत चालली आहे म्हणून आमचा मॅनेजर सुबोध याच्याकडे तक्रार करून आले. जागा का भरते आहे, हा प्रश्न मला पडला नाही. इंजिनियर म्हटलं ना मी स्वतःला.

एकोणीस तारखेला गुरुवारी काका परत आले. टेबलावर खाज्याचा पुडा सोडला होता आणि माणसं येऊन मूठमूठ उचलत होती. तेवढ्यात रिसेप्शनवरून फोन आला की घाटकोपरच्या लॅबमधून कुणी बाई आल्या आहेत. मला वाटलं, लॅबनेच कामासाठी पाठवलं असेल. आल्या त्या पंचेचाळिशीच्या, निळ्या पंजाबी ड्रेसमधल्या, हातात प्लास्टिकची फाइल. नाव सांगितलं, नीलम पगारे. राहणार मुलुंड. त्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन. आणि आठवडाभरापासून घरी बसवलेल्या.

मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना, प्रत नाही म्हणून?"

"हो. मुदत संपली होती."

"मला एकदा समोरासमोर विचारायचं होतं. कागदावर नाही असतं, पण कधी कधी कपाटात असतं. आमच्याकडे तसं होतं."

मग त्यांनी झालेलं सांगितलं. पाच ऑगस्टला त्या सकाळपाळीला होत्या. शेजारच्या नर्सिंग होममधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं रक्त तपासायला आलं होतं. पोटॅशियम आलं सहा पॉइंट आठ. इतकं वाढलं की हृदय कधीही बंद पडू शकतं. त्यांनी आकडा कॉम्प्युटरवर टाकला आणि वॉर्डमध्ये फोन करून सांगितलं. पाळी संपत आली होती, फोन केल्याचं वहीत लिहायचं राहून गेलं. दोन वाजता त्या घरी गेल्या. गृहस्थ त्याच रात्री गेले. महिनाभराने, दहा सप्टेंबरला, मुलाने तक्रार केली. कॉम्प्युटर उघडून बघितला तर आकडा चार पॉइंट आठ, अगदी ठणठणीत माणसाचा, आणि खाली नाव नीलम पगारे. वॉर्डमधले डॉक्टर म्हणाले, फोन आला नव्हता. त्या जुन्या सिस्टिमला कुणी केव्हा काय बदललं ते लिहून ठेवायची सोय नव्हती, शेवटचं नाव तेवढं उरायचं.

"आम्ही सगळे एकाच नावावर काम करतो," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर एकदा बंद केला की उघडायला दहा मिनिटं घेतो, म्हणून सकाळी जो लॉगिन करतो त्याच्याच नावावर रात्रीपर्यंत चालतं. चूक आहे. पण सगळ्यांची आहे. मी गेल्यावर कुणीतरी तो आकडा बदललाय. दुपारी तीनच्या प्रतीत माझा आकडा असणार, कारण तेव्हा जेमतेम तासभर झाला होता. मी सहा पॉइंट आठ टाकलं होतं. मला आठवतंय, कारण मी यंत्र दोनदा चालवून बघितलं."

"ताई, मी समजू शकते, पण..."

"सोमवारी चौकशी समिती बसणार आहे. त्यांचं म्हणणं मी आकडाच चुकीचा टाकला. मला नोकरीवरून काढतील, त्याचं एक वेळ ठीक आहे. पण माणूस माझ्यामुळे गेला असं लिहिणार आहेत. माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती काय वाचणार?"

मी तक्ता उघडून त्यांना पस्तीसचा आकडा दाखवला. मला आज त्याची लाज वाटते. समोर बाई एवढं सांगते आहे आणि मी तिला तक्ता दाखवते.

काका शेजारी बसून सगळं ऐकत होते. त्यांनी हात पुसला, चष्मा लावला आणि आपली स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादीत ती ओळ होती. पाच ऑगस्ट, दुपारी तीन. पुढे मुदत, वीस सप्टेंबर, संध्याकाळी सहा.

"तुम्ही फोन नंबर ठेवून जा," काका नीलमताईंना म्हणाले. "आज-उद्या कळवतो. आत्ता काही सांगत नाही, कारण मला आधी विचारायला लागेल."

त्या गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उत्तर दिलंस? न बघता?"

मी तक्ता बंद केला.

"आधी बघूक होया होता गो."

काका मालवणीत घसरले की समजायचं, दुखलंय. मग त्यांनी मला ते सांगितलं जे तेरा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. गावी जायच्या आदल्या दिवशी ते त्या दोन आठवड्यांत निघणाऱ्या सगळ्या प्रतींची मुदत हाताने पुढे ढकलायचे, आल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. आल्यावर गिऱ्हाइकांना मेसेज करून सगळ्या एकदम काढायचे. २०११ साली ते गणपतीला गेले असताना बदलीच्या माणसाने कुणाला न विचारता यादी साफ केली होती आणि मुलुंडच्या एका शाळेचे दहावीचे अंतर्गत गुण त्यात गेले होते. शिक्षकांनी दोन महिने बसून ते पुन्हा भरले. "तेव्हापासून ठरवलं," काका म्हणाले. "विचारणारा नाही, तर काढणारा पण नको."

"पण हे करारात..."

"बसत नाही. माका म्हायत आसा."

बसत नाहीच. लॅबच्या करारात स्पष्ट लिहिलंय की रुग्णांची माहिती मुदतीपलीकडे ठेवता येणार नाही. दर महिन्याला आम्ही तसं प्रमाणपत्र देतो आणि त्यावर काकांची सही असते. महिनाअखेरपर्यंत सगळ्या प्रती काढून झालेल्या असत, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेरा वर्षं, अकरा गिऱ्हाइकं. निवृत्तीला काकांचे साडेसहा महिने उरले होते.

आम्ही दोघं सुबोधच्या केबिनमध्ये गेलो. सुबोध वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि डोकं धरलं.

"वाट लागली," तो म्हणाला. "काका, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? ही प्रत आहे असं आपण सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, का आहे? मग दुसऱ्या प्रती विचारतील. मग प्रमाणपत्रं काढतील. उद्या तिन्ही लॅब करार मोडतील. आपल्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत यार."

"खरं आहे," काका म्हणाले.

"आणि कागदावर ती प्रत नाहीच आहे. नऊ तारखेला गेली. रुचिराने तसं लिहून पण दिलंय. उद्या सहा वाजता ती तुमच्या हिशोबाने पण जाणार. आपण काहीच करायचं नाही, एवढंच करायचंय."

"साहेब, नाही असं आपण लिहून दिलंय आणि ती आहे."

"अहो, पण ती नसायला हवी होती ना!"

"नसायला हवी होती, ती माझी चूक. पण आता असलेल्याला नाही म्हणायचं, हे माझ्याच्याने नाही व्हायचं. आणि ती बाई आपल्याकडे येऊन विचारून गेली. मी सगळ्यांना रोज विचारतो, काही हवंय का. एवढ्या वर्षांत सातवी ही. हिला हवंय."

सुबोध उठून खिडकीशी गेला. मग मला एक युक्ती सुचली आणि मी ती मोठ्या उत्साहाने सांगितली. "सिस्टिम एरर म्हणूया ना. सॉफ्टवेअरने मुदत आपोआप वाढवली. काकांचं नावच येणार नाही, प्रत पण मिळेल. कोण तपासतंय?"

सुबोधचा चेहरा उजळला. काकांचा नाही.

"सॉफ्टवेअर चुकतं असं आपणच लिहून दिलं," ते म्हणाले, "तर मग त्यातला आकडा तरी खरा कशावरून? समितीत कुणी डोकं असलेला बसला असेल तर पहिलं तेच विचारेल. प्रत चांगली आहे, माणसाने ती मुद्दाम ठेवली, कधी ठेवली, का ठेवली, असंच सांगायला लागेल. नाहीतर त्या बाईला तिचा उपयोग नाही."

माझ्या युक्तीने काका वाचले असते आणि नीलमताई बुडाल्या असत्या. काकांना ते लगेच दिसलं होतं.

सुबोध म्हणाला, "मला तुमच्या फाइलमध्ये शेरा मारावा लागेल, काका. मी नाही मारला तर वरचे मला विचारतील."

"मारा की. तुमचं काम आहे ते."

दुपारी जेवण झाल्यावर काकांनी सर्वांत आधी त्या प्रतीला कुलूप लावलं, म्हणजे मुदत आली तरी ती निघू नये. मग मला पत्र टाइप करायला बसवलं. त्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं. पत्र लॅबला आणि एक प्रत थेट चौकशी समितीला, असं त्यांनी सुबोधकडून कबूल करून घेतलं होतं. पत्र अर्ध्या पानाचं होतं. आमच्या दि. १२ सप्टेंबरच्या उत्तरात प्रत उपलब्ध नाही असे कळवले होते. ते उत्तर मंजूर तक्त्यानुसार दिलेले होते. परंतु खाली सही करणाऱ्याने दि. ४ सप्टेंबर रोजी, कोणाचीही परवानगी न घेता, सदर प्रतीची मुदत वाढवली होती व ही बाब कोणालाही कळवली नव्हती. त्यामुळे झालेल्या चुकीच्या उत्तराची जबाबदारी संपूर्णपणे खाली सही करणाऱ्याची आहे.

मी हे टाइप करत होते. संपूर्णपणे हा शब्द टाइप करताना माझी बोटं थांबली. उत्तर तक्त्यानुसार दिलं होतं हे खरं, पण यादी न उघडता दिलं होतं हेही खरं, आणि ते पत्रात कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "काका, माझं..."

"तुझं काय? तुला मी सांगितलंच नव्हतं. पुढे लिही."

आणि मी पुढे लिहिलं. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. त्या वेळी मला फक्त बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी लॅबकडून प्रत मागणारं पत्र आलं, समितीच्या शिक्क्यासह. ती उघडायला चाळीस मिनिटं लागली. समितीचा एक डॉक्टर स्वतः मरोळला आला होता, सोबत लॅबचा मॅनेजर. काका मागे उभे राहिले, मी खुर्चीत. रुग्णाचा नंबर टाकला. पोटॅशियम सहा पॉइंट आठ. वेळ एक वाजून बावीस. नाव नीलम पगारे. शेरा, वॉर्डला फोनवर कळवले. तो शेरा तिथे असेल हे नीलमताईंनाही आठवलं नव्हतं. त्याच रात्रीची, मध्यरात्रीनंतरची प्रत उघडली, त्यात चार पॉइंट आठ, आणि शेरा नाही.

पुढे चौकशीत कळलं ते फार साधं होतं. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलीने दुसऱ्या एका रुग्णाचा आकडा या गृहस्थांच्या नावापुढे भरला होता, उघड्या पडलेल्या लॉगिनवर. कुणाचा दुष्टपणा नव्हता. नीलमताईंना कामावर परत घेतलं, त्यांच्या कागदावरचा आरोप काढला. प्रतीत त्यांचा आकडा सापडल्याचं मी शुक्रवारीच त्यांना फोन करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "थांबा, मुलीला सांगते आधी." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे सुबोध म्हणाला होता तसं झालं, पण निम्मंच. एका लॅबने करार मोडला. घाटकोपरच्या लॅबने मोडला नाही. काकांच्या फाइलमध्ये शेरा गेला, वारंवार नियमभंग व माहिती दडवणे. त्यांच्याकडून प्रती काढायचा अधिकार काढून मला दिला आणि त्यांना उरलेले महिने जुन्या टेपच्या कपाटांची मोजदाद करायला बसवलं. एकोणतीस वर्षांत एक शेरा नव्हता, आणि शेवटच्या वर्षात हा. काकांनी त्याविरुद्ध अर्ज केला. सुनावणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस लॅबचं पत्र आलं की चौकशी पूर्ण झाली, प्रतीची आता गरज नाही. काका माझ्या टेबलाशी आले. "आज काढ ती."

"काका, आठ दिवसांवर सुनावणी आहे तुमची. दाखवायला नको? तुमच्यामुळे काय वाचलं ते त्यांना स्क्रीनवर दिसू दे ना."

"त्यात नीलमबाईंचा एक आकडा आहे, आणि बाकी नऊशे माणसांचं रक्त आहे. ते माझ्यासाठी ठेवायला दिलेलं नाही त्यांनी."

"आठ दिवसच."

"तेरा वर्षं मी असंच म्हणत आलो," ते म्हणाले. "आठ दिवसच, दहा दिवसच. आता अधिकार तुझ्याकडे आहे, तर नीट कर."

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी लॅबला मेसेज केला, आज पाच ऑगस्टची दुपारची प्रत निघते आहे, काही हवंय का? अंगठा आला. मी प्रत काढली. सुनावणीत काकांनी पत्रं दाखवली, समोरच्यांनी ती चाळली आणि शेरा कायम राहिला. बक्षीस म्हणून त्यांनी एवढं केलं की शेऱ्यातला दडवणे हा शब्द खोडला.

मार्चअखेर काका निवृत्त झाले. मीटिंगच्या खोलीत शाल, श्रीफळ, समोसे. सुबोध बरं बोलला, पण जपून. शुभाकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना शेऱ्याचं माहीत होतं की नाही कोण जाणे. मध्येच दारात नीलमताई दिसल्या. अर्धी सुट्टी टाकून आल्या होत्या, हातात स्टीलचा डबा. काकांना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"नारळाच्या वड्या आहेत, घरी केल्यात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही मला बसवून घेतलंत, पाणी दिलंत, मग फोन पण तुम्हीच केलात. प्रत तुम्हीच शोधलीत ना? आमच्या लॅबमध्ये मी सगळ्यांना तुमचंच नाव सांगते."

मी काकांकडे बघितलं. काका शाल सावरत होते.

"होय," ते म्हणाले. "हिनेच." आणि त्यांच्यासाठी समोसा आणायला गेले.

मी डबा घेतला आणि थँक्यू म्हटलं.

सगळे पांगल्यावर मी काकांना जिन्यात गाठलं. "असं का सांगितलंत?"

"पुढे तुला त्यांचं काम करायचंय," ते म्हणाले. "त्यांचा भरवसा तुझ्यावर बसायला हवा. माझ्यावर बसून आता काय उपयोग? मी चाललो."

हे त्यांना पटत असेल. मला पटत नाही आणि त्याला आता वर्ष उलटून गेलं तरी पटलेलं नाही. काका बोरिवलीला मजेत आहेत, फोन केला की हसतात, आणि नीलमबाईंना उगाच काही सांगत बसू नकोस म्हणतात. पण नीलमताई, मी सांगते. प्रत नाही असं तुम्हाला लिहिणारी मी होते, आणि यादी न उघडता लिहिलं होतं. तुम्ही आलात तेव्हा मी एकटी त्या टेबलावर असते तर दुसऱ्या दिवशी सहा वाजता तुमचा आकडा गेला असता. काकांनी शेरा घेतला तो तुमच्यासाठी घेतला, आणि थोडा माझ्यासाठीही. वड्या फार छान झाल्या होत्या. मी सगळ्या खाल्ल्या. त्या काकांच्या होत्या.